विखुरलेली शेते, सामाईक नियम : छत्तीसगडची लाखाबाटा आणि मध्ययुगीन युरोपातील गाव

रायपूरच्या परिसरातील शेतकऱ्याला त्याची जमीन किती असे विचारले, तर उत्तर एका वाक्यात मिळते. ती कोठे आहे असे विचारले, की उत्तर लांबते. थोडी गावालगत मटासीत, थोडी तलावाखाली कन्हारात, एक तुकडा डोरशात आणि एक दूर भाठ्यावर. बी, खत आणि अवजारे घेऊन एवढे फिरण्यात वेळ जातो, पंप एकाच तुकड्याला उपयोगी पडतो आणि यंत्राला वळायलाही जागा पुरत नाही. विस्तार कार्यकर्त्यांच्या बैठकींत ही तक्रार नित्याची आहे. हे तुकडे वारसांच्या वाटण्यांमुळे झाले, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा असला तरी अपुरा आहे. छत्तीसगडच्या मैदानी भागात शेते विखुरलेली ठेवणे ही एकेकाळी गावाने जाणीवपूर्वक स्वीकारलेली व्यवस्था होती. तिचे नाव लाखाबाटा. सातासमुद्रापलीकडे, मध्ययुगीन युरोपातील खेड्यांनीही जवळजवळ अशीच व्यवस्था उभारली होती. या दोन व्यवस्था शेजारी ठेवून पाहिल्या, तर चकबंदी, खुली चराई आणि दुबार पीक या आजच्या प्रश्नांची मुळे अधिक स्पष्ट दिसतात.

चार प्रकारची माती

छत्तीसगडच्या शेतकऱ्याने मातीचे वर्गीकरण प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी केले होते. उंचवट्यावरची मुरमाड, तांबूस आणि पाणी न धरणारी ती भाठा. तिच्याखालची पिवळसर, हलकी, लवकर वाफसा येणारी ती मटासी. त्याखाली मध्यम प्रतीची डोरसा आणि सर्वांत सखल भागात काळी, चिकण, ओल धरून ठेवणारी कन्हार. आधुनिक मृदाशास्त्रात यांना अनुक्रमे एंटिसोल, इन्सेप्टिसोल, अल्फिसोल आणि व्हर्टिसोल या गटांत बसवले जाते. एकाच गावाच्या शिवारात, काही शेकडो मीटरच्या उतारावर, हे चारही प्रकार सापडतात.

प्रत्येक मातीचे नशीब वेगळे असते. पाऊस लवकर उघडला तर भाठा आणि मटासीवरचा भात करपतो, कन्हारातला मात्र तग धरतो. अतिवृष्टी झाली तर सखल भागातले पीक पाण्याखाली जाते आणि वरच्या जमिनीतले वाचते. हलक्या जमिनीत लवकर येणारे भात, भारी जमिनीत उशिरा येणारे भात आणि त्याच्या ओलीवर उतेरा पद्धतीने लाखोळी किंवा जवस, अशी रचना त्यातून घडली. ज्याची सगळी जमीन एकाच मातीत, त्याचे सगळे वर्ष एकाच पावसावर अवलंबून.

लाखाबाटा कशी चाले

या विषमतेवर गावाने काढलेला तोडगा म्हणजे लाखाबाटा. गावातील लागवडीची जमीन मातीच्या प्रतीनुसार पट्ट्यांत विभागली जाई आणि प्रत्येक कुळाला प्रत्येक प्रतीच्या जमिनीत वाटा मिळे. वाट्याचे माप एकरात नसून नांगरात असे. ज्याच्याकडे जितक्या नांगरांचे बळ, तितके त्याचे वाटे आणि तितकाच सारा. काही काळानंतर वाटप विषम झाले, नवी कुळे आली किंवा जुनी निघून गेली, की सगळी जमीन पुन्हा एकत्र धरून नव्याने वाटली जाई. हे फेरवाटप ठरावीक वर्षांनी होई असे नाही. गरज आणि मागणी निर्माण झाली की होई.

या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी गौंटिया, म्हणजे गावचा प्रमुख असे. रतनपूर आणि रायपूरच्या हैहयवंशी राजांच्या काळात राज्य गढांमध्ये विभागले होते. शिवनाथ नदीच्या उत्तरेस अठरा आणि दक्षिणेस अठरा असे छत्तीस गढ परंपरेने मोजले जातात. एका गढात चौऱ्याऐंशी गावे, त्याखाली बारा गावांचे बरहो आणि शेवटी गाव, अशी उतरंड होती. गढावर दिवाण, बरहोवर दाऊ आणि गावात गौंटिया. वरच्या अधिकाऱ्याने खालच्याकडून सारा घ्यायचा आणि खालच्याने आपल्या क्षेत्राचा कारभार पाहायचा, ही रचना पाहून युरोपच्या सरंजामशाहीची आठवण होणे स्वाभाविक आहे.

१७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांच्या स्वारीनंतर हा प्रदेश मराठ्यांच्या प्रभावाखाली आला. १७५८ पासून १७८७ पर्यंत रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी यांनी रतनपूरला राहून कारभार पाहिला. पुढे सुभेदारी आली, परगणे पडले आणि मराठी कारकुनी शब्द दप्तरात रुळले. तरीही सरकारचा संबंध मुख्यतः गावाच्या एकूण आकाराशी राहिला. तो आकार नांगरांवर फोडायचा आणि जमीन वाटून द्यायची, हे काम गावातच होत असे.

युरोपातील खुली शेते

साधारण नवव्या ते चौदाव्या शतकात इंग्लंडचा मध्य भाग, उत्तर फ्रान्स आणि जर्मनीचा मोठा प्रदेश येथील खेडे डोळ्यांसमोर आणावे. मधोमध चर्च आणि घरांची दाटी, भोवती दोन किंवा तीन अवाढव्य शेते आणि पलीकडे कुरण व जंगल. या मोठ्या शेतांना कुंपण नसे. आत अरुंद, लांब पट्टे असत आणि एका कुटुंबाचे पट्टे तिन्ही शेतांत दूरदूर विखुरलेले असत. पट्टा लांब असण्याचे कारण नांगर. उत्तर युरोपची जड, ओली माती उलटवण्यासाठी चाकांचा अवजड नांगर आणि त्याला अनेकदा आठ बैल लागत. एवढे लटांबर वारंवार वळवणे कठीण, म्हणून तास लांब. एका दिवसात नांगरून होईल तेवढी जमीन म्हणजे एकर. २२० यार्ड लांब आणि २२ यार्ड रुंद. आज महाराष्ट्रात चाळीस गुंठ्यांचा म्हणून मोजला जाणारा एकर हा याच बैलांच्या दिवसभराच्या कामातून आलेला आहे. छत्तीसगडने जमीन नांगरात मोजली आणि युरोपने नांगरटीच्या दिवसात. दोन्ही ठिकाणी मोजमापाचा पाया बैलांचे बळ हाच होता.

आठ बैल एका कुळाकडे क्वचितच असत. त्यामुळे बैल एकत्र करून नांगरट होई. तीन-शेती पद्धतीत एका शेतात शरद ऋतूत गहू किंवा राय, दुसऱ्यात वसंतात जव, ओट, वाटाणा किंवा घेवडावर्गीय पीक आणि तिसरे पडीक, असा फेर दरवर्षी बदलत असे. दोन-शेती पद्धतीत निम्मी जमीन पडीक राही, तीन-शेतीत एक-तृतीयांश. कडधान्यांमुळे जमिनीला नत्र मिळे आणि माणसाला प्रथिने. तरीही पेरलेल्या एका मापामागे तीन ते पाच मापे धान्य मिळाले, तर ते वर्ष बरे मानले जाई. त्यातून पुढच्या वर्षाचे बियाणे बाजूला काढल्यावर घरात उरणारे धान्य बेताचेच असे.

पीक निघाले, की सगळे शेत गावाच्या जनावरांसाठी खुले होई. धसकटे चरली जात आणि शेणखत शेतातच पडे. म्हणून पेरणी केव्हा, कापणी केव्हा, जनावरे केव्हा सोडायची, हे कोणा एकाला ठरवता येत नसे. हे नियम गावच्या न्यायसभेत ठरत. पिकांच्या राखणीसाठी नेमलेला राखणदार असे आणि मोकाट जनावर पकडून कोंडवाड्यात घातले जाई. शेजाऱ्याच्या पट्ट्यात तासभर नांगर घुसवणाऱ्याला दंड होई.

विखुरण्याची किंमत आणि फायदा

अठराव्या शतकातील इंग्लंडच्या सुधारकांनी या पद्धतीवर कडाडून टीका केली. पट्ट्यापट्ट्यांत फिरण्यात वेळ वाया जातो, शेजाऱ्याचे तण आपल्या शेतात येते आणि नवे पीक घ्यायचे तर सगळ्या गावाची संमती लागते, असे त्यांचे म्हणणे होते. ही टीका रास्त होती. मग शेतकऱ्यांनी ही गैरसोय शेकडो वर्षे का सोसली?

अर्थशास्त्रज्ञ डियर्ड्रे मॅक्‌लॉस्की यांनी १९७० च्या दशकात याचे उत्तर जोखमीत शोधले. विखुरलेल्या पट्ट्यांमुळे सरासरी उत्पादन काहीसे घटते, पण एखाद्या वर्षी सगळेच पीक बुडण्याचा धोकाही घटतो. गारपीट एका कोपऱ्यात होते, पाणी एका सखल भागात साचते, रोग एका पट्ट्यात पसरतो. ज्याच्याकडे बाजार, बँक किंवा साठवणीची भक्कम सोय नाही, त्याच्यासाठी उत्पादनातील ती घट म्हणजे विम्याचा हप्ताच. हा युक्तिवाद सर्व इतिहासकारांना पूर्णपणे मान्य नाही. वारसांच्या वाटण्या, सामाईक नांगरट आणि चराईची सोय हीही कारणे सांगितली जातात. छत्तीसगडच्या चार मातींकडे पाहता मात्र विम्याचे हे स्पष्टीकरण अगदी जवळचे वाटते.

त्याचा एक परिणाम आजही लाभदायक आहे. प्रत्येक कुटुंबाकडे उंच, मध्यम आणि सखल अशा तिन्ही प्रकारची जमीन असल्याने प्रत्येक घराला लवकर, मध्यम आणि उशिरा येणारी भाताची वाणे लागत. छत्तीसगडात भाताच्या देशी वाणांची जी विलक्षण विविधता आढळते, तिला अशा शेतीचा आधार होता. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात रायपूर येथे हजारो वाणांचे संकलन केले. इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाच्या संग्रहात आज तेवीस हजारांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत.

समानतेचे चित्र आणि त्याच्या मर्यादा

ही सामाईक व्यवस्था म्हणजे समतेचे राज्य होते, असे समजणे चुकीचे ठरेल. युरोपातील बहुसंख्य शेतकरी भूदास होते. जमीनदाराच्या खासगी शेतावर आठवड्यातले दोन-तीन दिवस विनामूल्य राबणे, त्याच्याच गिरणीत धान्य दळणे, चर्चला उत्पन्नाचा दशांश देणे आणि मुलीच्या लग्नासाठीही जमीनदाराला शुल्क भरणे, हे त्यांच्या वाट्याला होते. त्यांना गाव सोडण्याची मुभा नसे. १३१५ ते १३१७ या वर्षांत सततच्या पावसाने उत्तर युरोपात पिके कुजली, तेव्हा विखुरलेले पट्टेही कामी आले नाहीत. आपत्ती सगळ्या प्रदेशावर एकदम आली की शिवारातल्या शिवारात केलेली जोखमीची वाटणी अपुरी पडते. पुढे १३४७ ते १३५१ च्या प्लेगने युरोपची किमान एक-तृतीयांश लोकसंख्या नष्ट केली. मजूर दुर्मीळ झाले, मजुरी वाढली. इंग्लंडने १३५१ मध्ये कायदा करून ती रोखण्याचा प्रयत्न केला, पण पश्चिम युरोपातील भूदासत्व हळूहळू सैल होत गेले.

छत्तीसगडमध्ये पडीक जमीन भरपूर आणि नांगर कमी, अशी स्थिती दीर्घकाळ होती. त्यामुळे कुळाला गौंटियाचा जाच झाला, तर दुसऱ्या गावात जाता येई आणि नव्या कुळांना आणून वसवणे हे गौंटियाच्याही हिताचे असे. हा मोठा फरक होता. तरी गौंटियाची स्वतःची जमीन उत्तम प्रतीची असे आणि फेरवाटपात दुबळ्या कुळांच्या पदरी निकृष्ट वाटा पडण्याची शक्यता राही. ज्यांच्याकडे बैलच नाहीत, त्यांना वाटपात स्थान नव्हते. ते इतरांच्या नांगरावर राबत. शेतीच्या दृष्टीनेही एक उणीव होती. आज आपल्याकडे असलेले शेत उद्या दुसऱ्याकडे जाणार असेल, तर बांध घालण्यात, खत टाकण्यात किंवा विहीर खोदण्यात कोण पैसा घालणार?

वाटप थांबले, तुकडे राहिले

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि छत्तीसगड इंग्रजी अमलाखाली आले. १८६० च्या दशकातील जमाबंदीत गौंटियांना गावाचे मालक, म्हणजे मालगुजार, म्हणून मान्यता मिळाली. जमीन मोजली गेली, नकाशे झाले, कुळांच्या हक्कांच्या नोंदी झाल्या आणि पुढील कुळकायद्यांनी त्या हक्कांना बळ दिले. शेत एकदा एका नावावर पक्के झाल्यावर फेरवाटपाला जागा उरली नाही. काही गावांत लाखाबाटा त्यानंतरही होत राहिली, पण हळूहळू ती लोपली.

यात एक महत्त्वाची गोष्ट घडली. फेरवाटप थांबले, पण त्या क्षणी शेते जशी विखुरलेली होती तशीच कायम झाली. त्यावर पुढील पिढ्यांच्या वाटण्या सुरू झाल्या. पूर्वी तुकडे पडले तरी नव्या वाटपात त्यांची पुन्हा मांडणी होत असे. आता ती दुरुस्तीची सोय राहिली नाही. त्यामुळेच १९२८ चा मध्य प्रांत चकबंदी कायदा प्रथम छत्तीसगड विभागात लागू करण्यात आला. गावातील किमान निम्मे कायम हक्कदार आणि त्यांच्याकडे वहिवाटीच्या जमिनीपैकी किमान दोन-तृतीयांश जमीन असेल, तर त्यांनी मान्य केलेली योजना इतरांवरही बंधनकारक होई. बहुमताच्या संमतीचे हे तत्त्व त्या काळात नवे होते. महाराष्ट्रातील वाचकांना १९४७ चा तुकडेबंदी-तुकडेजोड कायदा परिचित आहे. त्यापूर्वी जवळजवळ दोन दशके छत्तीसगडात हा प्रयोग सुरू झाला होता.

इंग्लंडचा मार्ग वेगळा होता. तेथे १६०४ ते १९१४ या काळात संसदेने ५,२०० हून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमीन कुंपणबंद केली. सलग शेते झाली, नवे पीकफेर आले, उत्पादन वाढले. मात्र ज्यांचा संसार सामाईक कुरणावर चाललेल्या एखाद-दुसऱ्या गाईवर होता, त्यांच्या हातून ते कुरण गेले आणि त्यांपैकी अनेकांना मजुरीवर जगावे लागले. शेते सलग करण्याच्या कोणत्याही योजनेत सर्वांत लहान खातेदाराचे आणि भूमिहीन पशुपालकाचे काय होणार, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारला पाहिजे, असा धडा त्यातून मिळतो.

नियम नाहीसे झाले की काय होते

तुकड्यांपेक्षाही अधिक नुकसान झाले ते सामाईक नियमांचे. खुल्या चराईचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. भात निघाल्यावर शेते जनावरांसाठी खुली होतात, ही प्रथा मध्ययुगीन इंग्लंडप्रमाणेच छत्तीसगडातही जुनी आहे. राऊत गावची गुरे राखी आणि त्याचा मोबदला धान्यात मिळे. जनावरे केव्हा सुटणार आणि केव्हा बांधली जाणार, हे गावाला ठाऊक असे. आज गुरे सुटतात, पण राखण्याची व्यवस्था अनेक ठिकाणी विस्कळीत झाली आहे. ओल असूनही हरभरा, मसूर किंवा मोहरी पेरण्यास शेतकरी धजावत नाही. कारण एकट्याने पेरले तर गावभरची गुरे त्याच्याच शेतात येतात. जमीन, बियाणे आणि ओल असूनही दुबार पीक राहून जाते. जून २०२० मध्ये राज्य शासनाने रोका-छेका मोहीम राबवली, तिचा गाभा गुरे बांधण्याच्या जुन्या गावनियमाचाच होता.

पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलावांची कथाही याच जातीची आहे. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, हे न्याय्यच झाले. परंतु तलावातील गाळ काढणे, पाट दुरुस्त करणे आणि पाणी वाटणे यांची जबाबदारी ज्या गावव्यवस्थेवर होती, तिच्या जागी तितकी सक्षम दुसरी व्यवस्था सर्वत्र उभी राहिली नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीतील कित्येक तलाव गाळाने भरले.

याउलट जेथे नियम टिकले, तेथे सामाईक साधनही टिकले. स्वित्झर्लंडमधील ट्यॉर्बेल या डोंगरी गावाने १४८३ मध्ये सामाईक कुरणांसाठी संघटना लेखी स्वरूपात बांधली. हिवाळ्यात जितक्या गाई स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतील तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या, हा १५१७ चा नियम तेथे शतकानुशतके पाळला गेला. २००९ च्या नोबेल पुरस्काराच्या मानकरी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामाईक साधनांवरील आपल्या ग्रंथात या गावाचा दाखला दिला आहे. इंग्लंडमध्ये लॅक्सटन या गावी खुली शेते आजही कसली जातात. दरवर्षी गावाचे पंच पेरलेले शेत फिरून पाहतात, हद्दीच्या खुणा तपासतात आणि रस्त्यात किंवा सामाईक गवतात नांगर घातलेला दिसला तर दंड सुचवतात.

विस्तारकार्यासाठी काही दिशा

लाखाबाटा परत आणणे शक्य नाही आणि इष्टही नाही. हक्क पक्के असल्याशिवाय शेतकरी जमिनीत भांडवल घालत नाही. मात्र त्या व्यवस्थेतील जोखीम वाटून घेण्याचा विचार आणि गावाने नियम ठरवण्याची रीत आजही उपयोगी पडू शकते.

पहिली गोष्ट चकबंदीची. जमिनीच्या अदलाबदलीत केवळ क्षेत्रफळ न पाहता मातीचा प्रकार आणि उतारावरील स्थान पाहावे. सगळी जमीन एकाच मातीत सलग करण्यापेक्षा दहा-बारा तुकड्यांचे दोन-तीन तुकडे करणे, एक उंचावर आणि एक सखल भागात, हे कोरडवाहू शेतकऱ्यास अधिक सुरक्षित ठरते. जेथे सिंचन आणि पीकविम्याची हमी आहे, तेथे सलग जमिनीचा विचार अधिक मोकळेपणाने करता येईल.

दुसरी गोष्ट दुबार पिकाची. रब्बीचे प्रात्यक्षिक एकट्या शेतकऱ्याच्या शेतात घेण्याऐवजी संपूर्ण शिवारात किंवा एका सलग खंडात घ्यावे. पेरणीपूर्वी ग्रामसभेत गुरे बांधण्याची तारीख, राखणदाराचा मोबदला आणि कोंडवाड्याचा दंड ठरवून घ्यावा. उतेऱ्यासाठी लाखोळी घेणाऱ्यांना रायपूरच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या महातिवडासारख्या, कमी विषद्रव्य असलेल्या वाणाचे बियाणे एकत्रितपणे मिळवून द्यावे.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. छत्तीसगडच्या भूराजस्व संहितेनुसार गावाचे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज तयार केलेले असते. चराईच्या अटी, पाण्याच्या वापराच्या रीती आणि वाटांचे हक्क यांच्या नोंदी त्यात सापडतात. गावात नवी योजना मांडण्यापूर्वी पटवाऱ्याकडून या नोंदी पाहून घ्याव्यात. चराईचे हक्क कोणाचे आहेत हे कळले, की गुरे बांधण्याच्या ठरावात त्यांच्यासाठी चाऱ्याची पर्यायी सोय करता येते आणि ठराव टिकतो.

चौथी गोष्ट संघटनेची. बैल एकत्र करून नांगरट करण्याची जुनी रीत आज अवजार बँक आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या रूपाने परत आली आहे. सहकाराचा पायाही या प्रदेशात जुना आहे. रायपूरचे वामनराव लाखे यांनी १९१३ मध्येच येथे सहकारी बँकेची उभारणी केली होती. अशा संस्थांच्या नियमावलीत केवळ खरेदी-विक्री न ठेवता पाणी, चराई आणि यंत्रांच्या पाळ्या यांचाही समावेश करावा. हे नियम सभासदांनी स्वतः ठरवावेत, लेखी असावेत आणि दरवर्षी हंगामापूर्वी, शक्यतो अक्तीच्या सुमारास, जेव्हा छत्तीसगडचा शेतकरी आपल्या कृषिवर्षाचा आरंभ करतो, तेव्हा पुन्हा वाचले जावेत.